‘ऑल-इन’ म्हणजे सर्वस्व पणाला लावणे का?

प्रश्न असा आहे : पोकरच्या एका प्रसंगाचे भाषांतर करताना ‘ऑल-इन’साठी ‘त्याने सर्वस्व पणाला लावले’ असे लिहिले, पुढे मात्र तो खेळाडू जिंकूनही टेबलावरचे निम्म्याहून अधिक पैसे दुसराच घेऊन जातो. मग शब्द चुकला की गोष्ट?

गोष्ट बरोबर आहे, चकवा वाक्प्रचारात आहे. ‘पण’ या संस्कृत शब्दाला नाणे आणि द्यूतात लावलेली वस्तू असे दोन्ही अर्थ आहेत, आणि ‘पणाला लावणे’ म्हटले की आपल्याला सभापर्वातले द्यूत आठवते, जिथे युधिष्ठिर धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी अशी मजल गाठतो. पोकरच्या टेबलावर त्याला पहिल्या टप्प्यालाच थांबवले असते, कारण डाव सुरू होताना समोर जेवढ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, असतील तेवढ्याच त्या डावात लावता येतात. मध्येच मनगटावरचे घड्याळ काढून ठेवता येत नाही. उलट, चिप्स कमी पडल्या म्हणून कोणाला डावातून उठवताही येत नाही. आहेत तेवढ्या पुढे सरकवायच्या आणि पाने उघडेपर्यंत बसून राहायचे, एवढाच ‘ऑल-इन’चा अर्थ आहे.

आता पैशांचे पाहू. तिघांपुढे अनुक्रमे ३००, ८०० आणि १५०० च्या चिप्स आहेत आणि तिघांनीही त्या सगळ्या पुढे सारल्या, असे धरा. पत्ते वाटणारा प्रत्येकाच्या ढिगातून ३०० काढून मधोमध ९०० चा मुख्य पॉट, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारा ढीग, करतो. दुसऱ्याचे उरलेले ५०० आणि त्याच्या तोडीचे तिसऱ्याचे ५०० मिळून १००० चा वेगळा ढीग शेजारी लावतो, आणि तिसऱ्याचे ७०० बरोबरी करणारे कोणी नसल्यामुळे त्याला परत देतो. पहिल्याची पाने सर्वांत भारी निघाली तरी त्याचा हक्क ९०० वरच. शेजारचे १००० उरलेल्या दोघांतल्या सरसाचे. मात्र रकमेवरून फसू नये, कारण ३०० लावून ९०० नेणाऱ्याला ६०० सुटले, तर ८०० लावून १००० नेणाऱ्याला अवघे २००.

या शेजारच्या ढिगाला ‘साइड पॉट’ म्हणतात. त्यासाठी ‘उपनिधी’ वगैरे घडवू नये, तो पतसंस्थेच्या ताळेबंदातून आल्यासारखा वाटतो. ‘बाजूचा पॉट’ पुरे. ‘पणाला लावणे’ऐवजी ‘डावावर लावणे’ मात्र कटाक्षाने टाळावे. हिंदीतल्या ‘दाँव पर लगाना’ची नक्कल म्हणून ‘सर्व काही डावावर लावले’ असे हल्ली सर्रास लिहिले जाते, पण मराठीत डाव मांडतात, टाकतात, उधळतात, साधतात. त्यावर काही लावत नाहीत. लावायचे ते पणाला.

म्हणून तुमचे वाक्य ‘त्याने समोरच्या सगळ्या चिप्स पणाला लावल्या’ असे करावे. ‘सर्वस्व’ काढले की, जिंकणाऱ्याला थोडेच का मिळाले, हा वाचकाचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्यासाठी बाजूच्या पॉटचे एक वाक्य आधीच पेरावे. इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा असेल तर ‘ऑल-इन झाला’ लिहावे. ‘ऑल-इन गेला’ वाचून तो खेळाडू कुठे गेला, असे विचारावेसे वाटते.