वाचकांचे प्रश्न : उंदराची मांडी आणि भावाचं बोट

प्रश्न : नमस्कार मॅडम. दोन महिन्यांपूर्वी कुट्टी मशीनमध्ये माझ्या धाकट्या भावाचं बोट तुटलं, कोल्हापुरात आणलं, डॉक्टरांनी सात तास बसून जोडलं, आता बोट गुलाबी आहे आणि थोडं वाकतंय पण. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की हे काम मी उंदराच्या पायावर शिकलो. आई म्हणते चेष्टा करत असतील. खरंच असं असतंय का? आणि उंदीरच का?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : आईंना सांगा, चेष्टा नव्हती. बोटातली रक्तवाहिनी साधारण एक मिलिमीटर जाड असते आणि लॅबमधल्या पांढऱ्या रॅटच्या मांडीतली मुख्य धमनी पण जवळपास तेवढीच, म्हणून रॅट. माळ्यावर खुडबुड करतो तो नव्हे हं, हा पाव किलोचा, पाळलेला. माऊस अजून वेगळा, तो २५-३० ग्रॅमचा, त्याच्यावर हात बसवायला जाल तर डोळे जातील.

खरं तर बोटात हाड बसवणं सोपं, तार घातली की झालं. सगळा खेळ रक्त चालू करण्याचा. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियों शहरात सुरा मारला, यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ती शिवायची कशी हे त्या काळात कुणालाच धड येत नव्हतं. त्याच गावात अलेक्सी कॅरेल नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याच्या डोक्यात हे बसलं. तो भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईदोरा शिकला असं सांगतात. त्याची युक्ती एकदम साधी : कापलेल्या वाहिनीच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ओढायचे म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो, मग तीन सरळ बाजू शिवत जायचं. १९१२ चं नोबेल मिळालं त्याला. आपल्या हुपरीच्या चांदीवाल्या कारागिराला हे सांगितलं तर म्हणेल, यात काय एवढं!

पण कॅरेल शिवायचा त्या वाहिन्या जाड होत्या. एक-दोन मिलिमीटरचं बारीक काम १९६० च्या सुमारास सुरू झालं, जेकबसन आणि सुआरेझ या दोघांनी अमेरिकेत मायक्रोस्कोपखाली शिवून दाखवलं तेव्हा. १९६२ मध्ये बोस्टनला एका बारा वर्षांच्या पोराचा अख्खा हात जोडला गेला, आणि पूर्ण तुटलेला अंगठा मात्र १९६५ मध्ये, जपानात. हात आधी आणि अंगठा नंतर, उलटं वाटतंय ना? पण वाहिनी जेवढी बारीक तेवढं काम अवघड.

मी स्वतः हे शिकले आणि नंतर शिकवलं पण, तर सांगते कसं असतं. रॅटला पूर्ण भूल देतात, खाली उबदार पॅड ठेवतात कारण त्याचं अंग पटकन गार पडतं आणि गारठ्यानेच दगावतो. रॅटला उलटी होतच नाही, त्यामुळे माणसासारखं ऑपरेशनआधी उपाशी ठेवायची सहसा गरज नसते. मग मांडीतली धमनी मोकळी करायची, दोन्हीकडे बारीक क्लॅम्प, मधे कट, टोकांवरचं जाळीसारखं आवरण छाटायचं (ते आत गेलं की तिथंच गुठळी), आणि टेन-झिरो नावाच्या नायलॉनने सहा ते आठ टाके. हा दोरा केसापेक्षा बारीक, टेबलावर ठेवला तर सापडत नाही. नवख्याची हमखास चूक म्हणजे सुई पलीकडच्या भिंतीतून पण जाते आणि वाहिनी तोंड शिवलेल्या पोत्यासारखी बंद होते. माझ्या पहिल्या दहा-बारा तरी अशाच गेल्या. सकाळी चहा घेतला तर हात थरथरतो म्हणून मी चहा सोडला होता, कोल्हापुरात राहून!

मग दोन चिमट्यांनी टाक्यांच्या पुढचा भाग दाबून रिकामा करायचा आणि मागचा चिमटा सोडायचा, रक्त झर्रकन पुढं धावलं तर पास. लगेच बघून खूश व्हायचं नाही, अर्ध्या तासाने परत बघायचं, गुठळी व्हायची असेल तर तोवर झालेली असते.

प्रश्न : मग तुटलेलं बोट आणायचं कसं? आम्ही सरळ बर्फात टाकून आणलं होतं. (याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : नशीब चांगलं तुमचं. थेट बर्फ लागला की कातडी आणि वाहिन्या खराब होतात. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. दुधात नको, हळद तर अजिबात नको. बोटात स्नायू जवळजवळ नसतो म्हणून ते गार ठेवलं तर बरेच तास टिकतं, मनगटाच्या वर तुटलं असेल तर मात्र सहा तासांच्या आत पोचायलाच पाहिजे.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करते. पुढं अशा कामात जायचं आहे पण उंदरांना मारायचं जिवावर येतं. दुसरा रस्ता नाही का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आहे, आणि जिवावर येतंय हे चांगलंच आहे. १९५९ मध्येच रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय : जमेल तिथं प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्याकडे पण संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय एका रॅटला हात लावता येत नाही, किती लागणार आणि का, हे आधी लिहून द्यावं लागतं.

सुरुवात रबरी ग्लोव्हच्या तुकड्यावर करा, मग चिकनच्या मांडीवर. दुकानदाराला अख्खी तंगडी द्यायला सांगा, तुकडे नकोत. मांडीत हाडाजवळ धमनी सापडते, शिवून झाली की सिरिंजने रंगीत पाणी सोडा, गळती कुठं आहे ते लगेच दिसतं. हात स्थिर झाला, मागची भिंत पकडायची सवय गेली, की मग रॅटचं बघू, तेव्हा मोजकेच लागतील. आणि सरावाची तंगडी रश्श्यात टाकू नका, आत नायलॉन असतोय.