बेडफर्ड ट्रकचा डिझेलचा काटा कायम शून्यावर? आधी फ्लोट बघा

टाकी अर्धी भरलेली असूनही काटा तळाला, म्हणजे बहुतेक टाकीत तरंगणाऱ्या पोकळ पितळी फ्लोटमध्ये डिझेल शिरून तो बुडालाय. घाबरू नका, हे काम घरी होतं. पण लगेच मीटर बदलायला धावू नका. आधी सेंडरची (टाकीत बसणारा, फ्लोट जोडलेला, मीटरला पातळी कळवणारा भाग) अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली वायरची जोडणी, तपासा, गंजलेल्या टाकीवर तीच बऱ्याचदा गेलेली असते.

अर्थिंग ठीक असेल तर बॅटरी सोडवा, सेंडर बाहेर काढा आणि फ्लोट कानाशी हलवा. आत डुचमळलं की समजा, भोक आहे. गॅसपासून लांब, अंगणात, गरम पाण्यात बुडवा. जिथून बारीक बुडबुडे येतील तिथे खूण करा.

नवशिके इथे हमखास चुकतात:
- आत इंधन असतानाच डाग द्यायला घेतात. फ्लोट फुटू शकतो! पूर्ण रिकामा करून दोन दिवस वाळवा. ज्योत नकोच, विजेवरचं सोल्डरिंग आयर्न वापरा.
- कथील थापतात. वजन वाढतं, काटा कमी दाखवतो. टिकलीएवढा डाग पुरे.
- सेंडरखाली जुनंच कॉर्क पॅकिंग बसवतात. मग टाकी गळते.

पुन्हा गरम पाण्यात धरा, बुडबुडा नाही आला तरच बसवा. काटा कुठे थांबतो ते नक्की कळवा.