संकेत ‘फोडला’ की ‘उकलला’?

‘मिडवेच्या लढाईपूर्वी अमेरिकी नौदलाने जपानी कोड फोडला’ या वाक्यातील ‘फोडला’ हे क्रियापद योग्य आहे का, आणि ‘कोड’ व ‘सायफर’ यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का, असे एका वाचकाने विचारले आहे.

आधी क्रियापदाचे पाहू. मराठीत गुपित फोडतो तो ते आधीपासून जाणणारा माणूस. परीक्षेचा पेपर फुटतो तोही आतल्याच कोणाकडून. ज्याला काहीच ठाऊक नाही आणि जो एकेक धागा धरून गाठ सोडवत जातो, तो फोडत नाही, उकलतो. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, प्रशांत महासागरातील मिडवे बेटाजवळ अमेरिका आणि जपान यांच्या आरमारांत झालेल्या लढाईच्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून हा भेद तिथे विशेष महत्त्वाचा ठरतो. हवाईतील पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरील एका तळघरात नौदलाचे संकेततज्ज्ञ जोसेफ रोशफर्ट आणि त्यांचे सहकारी जपानी आरमाराचे संदेश वाचण्याचा प्रयत्न करत होते, आणि त्यांत वारंवार येणारे ‘एएफ’ हे ठिकाण म्हणजे मिडवे बेटच असावे, अशी त्यांची अटकळ होती. ती पडताळण्यासाठी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडल्याचा संदेश मिडवेवरून उघड भाषेत पाठवण्याची व्यवस्था त्यांनी केली. लवकरच जपानी संदेशात ‘एएफ’वर पाण्याची टंचाई असल्याचा उल्लेख आला. ही झाली उकल. पुढे 7 जून 1942 रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी दैनिकाने जपानी बेताची अमेरिकी नौदलाला आधीच खबर होती अशी बातमी छापली, हे मात्र अस्सल मराठी अर्थाने ‘फोडणे’. (1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जपानी वकिलातीत गुपचूप शिरून आरमारी संकेतांच्या पुस्तकाची छायाचित्रे घेण्यात आली होती, त्याला उकल म्हणणे धाडसाचे होईल, ती सरळ चोरी होती.)

आता नामांकडे वळू. ‘कोड’ हा शब्द मराठीत आधीच लाडांसाठी आणि त्वचेवरील पांढऱ्या डागांसाठी राबतो आहे, त्यामुळे ‘संकेत’ बरा. संकेतात अख्ख्या शब्दाला किंवा वाक्प्रयोगाला ठरवून दिलेला पर्याय असतो, आणि त्याचा संकेतकोश दोन्ही बाजूंकडे असावा लागतो. सायफरमध्ये मात्र अर्थाशी देणेघेणे नसते. तिथे अक्षर किंवा अंक एकेक करून बदलतात. आपल्याकडील करपल्लवीत हाताच्या खुणेने वर्ग आणि बोटांनी त्यातले अक्षर सांगतात, ती या दुसऱ्या जातीची. तिच्यासाठी मी ‘कूटलिपी’ सुचवीन. ‘सायफर’चे मूळ अरबी ‘सिफ्र’ म्हणजे शून्य आहे.

हे दोन शब्द वेगळे का हवेत, ते ‘जेएन-25’ या जपानी आरमारी पद्धतीवरून नीट कळते. त्यात प्रत्येक शब्दाला संकेतकोशातून 3 ने भाग जाणारा पाच अंकी गट मिळे, समजा 28935. मग दुसऱ्या पुस्तकातील एक यादृच्छिक गट, समजा 47168, त्यात हातचा न धरता मिळवला जाई, आणि प्रसारणात 65093 जाई. पहिली पायरी संकेताची, दुसरी कूटलिपीची. उकलणाऱ्याला आधी मिळवलेला आकडा वजा करून मगच शब्दाच्या अर्थाला हात घालता येई. 3 ने भाग जाण्याची सोय प्रसारणातील चुका पकडण्यासाठी होती, पण वजाबाकी बरोबर आली की नाही हे तपासायला ती शत्रूच्याही उपयोगी पडली.

प्रश्नात नसलेले तिसरे क्रियापदही इथे नोंदवतो: ‘टिपणे’. उकलण्यापूर्वी कोणीतरी संदेश हवेतून टिपावा लागतो. जपानी काना या उच्चारदर्शक लिपीचा मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशपद्धत, वेगळा असल्याने तो ऐकून लिहिण्याचे शिक्षण 1928 ते 1941 या काळात अमेरिकी नौदल व मरीन दलाच्या 176 जणांना वॉशिंग्टनमधील नौदल इमारतीच्या छतावरील खोलीत देण्यात आले. त्यावरून त्यांना पडलेल्या ‘ऑन-द-रूफ गँग’ या इंग्रजी नावातील ‘गँग’चे भाषांतर कोणी ‘टोळी’ असे करतात. मला त्यात दरोड्याचा वास येतो, म्हणून ‘गच्चीवरची मंडळी’ म्हणावे.

तेव्हा प्रश्नातील वाक्य मी असे लिहीन: ‘मिडवेच्या लढाईपूर्वी अमेरिकी नौदलाने जपानी आरमाराचे संदेश टिपून त्यांचे संकेत काही अंशी उकलले होते.’ ‘काही अंशी’ हे शब्द गाळू नयेत, कारण त्या वेळी प्रत्येक संदेशाचा काही भागच वाचता येत होता.