घर तुमचं, नावं इतरांची, बोजा बँकेचा

भाऊ, हप्ते तुम्ही भरलेलं घर विकायचंय, पण कागदावर नावं इतरांची आणि वर बँकेचं कर्ज, असं म्हणताय ना? मग गिऱ्हाईक शोधायला आत्ताच दलालाकडे पळू नका. आधी मालमत्ता पत्रक, म्हणजे घराच्या मालकीची सरकारी नोंद, काढा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून खूश होऊ नका, तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. पत्रकावर ज्यांची नावं, सह्या त्यांच्याच लागतील. हप्ते तुम्ही भरले म्हणून घर तुमचं होत नाही.

आमचंही घर असंच अडकलं होतं. वडील गेल्यावर वारस नोंद कुणी लावलीच नाही. माझे भाऊ विकायला तयार होते, पण सुरतच्या बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच. शेवटी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ती माहेरी आली तेव्हा विषय काढला. ती रुसली होती ती हिश्श्यावरून नाही, न विचारल्यावरून. मग हक्कसोड पत्र, म्हणजे तिने हिस्सा सोडल्याचा कागद, नोंदवलं.

बँकेकडून कर्जाची एकूण बाकी लेखी घ्या. गिऱ्हाइकाने तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, उरलेली खरेदीखताच्या वेळी. तसं साठेखतातच (खरेदीखताआधीच्या करारातच) लिहा. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. पतपेढीला मात्र हा नियम लागत नाही, तिथे चकरा माराव्या लागतात. बोजा, म्हणजे पत्रकावरची कर्जाची नोंद, कमी केल्याचं स्वतः डोळ्यांनी बघा.

आणि घर मुद्दाम दुसऱ्याच्या नावाने घेतलं असेल, तर 1988 चा बेनामी कायदा आड येऊ शकतो. मग आधी वकील, नंतर इसार (आगाऊ रक्कम).