उत्खननातल्या स्वयंसेवकांचा कोणता फोटो मुखपृष्ठावर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या तुमच्या इतिहासप्रेमी मंडळाचा वार्षिक अंक यंदा उत्खनन विशेषांक म्हणून निघतोय. मंडळातली कॉलेजची मुलंमुली एका विद्यापीठाच्या उत्खननावर स्वयंसेवक म्हणून राबली, फोटो ढीगभर आलेत आणि मुखपृष्ठावर एकमत होत नाही. चाळून चाळून चार उरलेत: बॅनर धरलेला ग्रुप फोटो, मडकं उंच धरून हसणारी मुलगी, ब्रशने माती झाडणारा मुलगा आणि ड्रोनवरून दिसणारे चौकोनी ट्रेंच, म्हणजे उत्खननाचे खड्डे. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘टेप धरून नकाशा काढणाऱ्या दोघांचाही एक आहे, पण तो कुणी मनावर घेत नाही.’

मी तोच घेईन. मी कोल्हापुरात मासिकं, स्मरणिका, दिवाळी अंक यांची मांडणी करते आणि इतिहासाच्या अंकांना फोटो निवडून देणं हे माझं आवडीचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उत्खननात एकेक थर काढला की तो संपतो. पुन्हा खणायला तो उरत नाही. कुठलं खापर कुठल्या थरात, किती खोलीवर, कशाशेजारी होतं हे त्या वेळी कागदावर उतरलं नाही, तर नंतर कितीही पैसा ओतला तरी कळत नाही. तुमच्या फोटोतले ते दोघं नेमकं हेच करताहेत. ट्रेंचच्या उभ्या कडेवर लेव्हल लावून आडवी दोरी ताणलेली असणार, एक जण तिच्यापासून खाली टेप सोडून मापं सांगतोय आणि दुसरी ग्राफ पेपरवर बिंदू टाकत थरांची रेघ काढतेय. अशा एका उभ्या कडेला, म्हणजे सेक्शनला, अर्धा दिवस सहज जातो. उन्हात उभं राहून, ओळंबा हलू न देता, ‘दोनशे दहाला एक्केचाळीस’ (म्हणजे दोरीवर २१० सेंटिमीटरला ४१ खाली) असं ओरडत राहायचं. स्वयंसेवक म्हणून गेलेल्या कुणालाही विचारा, बहुतेक वेळ याच गोष्टींत जातो: घासून कड साफ करणं, माती चाळणं, खापरं धुऊन वाळत घालणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिणं, मापं घेणं. वस्तू सापडण्याचा क्षण असतो, पण तो थोडा.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. पंचगंगेकाठचं ब्रह्मपुरीचं टेकाड म्हटलं की सगळ्यांना पोसायडनची ती छोटी ब्राँझची मूर्ती आठवते. टाउन हॉलच्या संग्रहालयात शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन घडणीचा, कोल्हापुरात सापडला हे खरंच थरारक आहे. पण नुसती मूर्ती हातात धरून एवढंच कळतं की ती बाहेरून आली. तिथं सातवाहनांच्या काळात मोठी वस्ती होती, लोक काय वापरत होते, नंतर कोणत्या काळात पुन्हा वस्ती झाली, हे सगळं थरांवरून कळतं. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी १९४५-४६ साली तिथं उत्खनन केलं आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. आज तिथं घरं आहेत, रस्ते आहेत. आपल्याकडे राहिलं ते संग्रहालयातल्या वस्तू आणि त्या लोकांनी काढलेले नकाशे, मापं, नोंदी. कोल्हापूरच्या वाचकाला ही गोष्ट मुखपृष्ठावरून दिसावी, असं मला मनापासून वाटतं.

आता बाकीचे चार.

मडकं उंच धरलेल्या मुलीचा फोटो सगळ्यांना आवडणार, ते मी समजू शकते. चेहरा प्रसन्न आहे, वस्तू आहे, स्टॉलवर नजर खेचेल. तरीही तो घेऊ नका. एक म्हणजे मडकं काठाला धरून उचलायचं नसतं, दोन्ही हात खालून द्यावे लागतात. जाणकार वाचकाची नजर पहिल्यांदा तिथंच जाईल आणि त्या मुलीला बोलणी बसतील. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादानं गडांवर, जुन्या देवळांत, गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर रात्री खड्डे पाडणारे लोक आहेत. ‘खणलं की काहीतरी मिळतं’ हा संदेश आपल्या मुखपृष्ठावरून जायला नको. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, तो १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे. अंकात एक चौकट त्यावर जरूर द्या. त्या मुलीचा फोटो आत तिच्या अनुभवाच्या लेखाबरोबर छान बसेल, पण तिचं मडकं खाली ठेवून टिपणं लिहितानाचं एखादं छायाचित्र असेल तर आधी ते बघा.

ब्रशवाला फोटो वाईट नाही. फक्त उत्खनन म्हटलं की ब्रश, हे चित्र इतकं वापरून झालंय की वाचक त्यावरून पुढे सरकतो. शिवाय ब्रश कोरड्या मातीवर चालतो, ओल्या मातीवर फिरवला तर माती सारवल्यासारखी पसरते आणि थराची रेघ पुसते. तुमच्या फोटोतली माती ओली दिसत असेल तर तो बादच करा. मुलगा हातातल्या कामाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत असेल तरी बाद.

ड्रोनचा फोटो आतल्या जोडपानावर आडवा टाका. मध्ये माती राखून चौकोनी ट्रेंच पाडायची पद्धत वरूनच नीट कळते. तेव्हाचे भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर घेतलं, त्यानंतर ती आपल्याकडे रुळली. अहवालासाठी असा फोटो उत्तमच, पण मुखपृष्ठावर माणूस हवाय आणि ड्रोनमधून माणसाची फक्त टोपी आणि सावली दिसते. एक काळजी घ्या. जागेवर पहारा नसेल तर ठिकाण ओळखू येईल असा भाग, रस्ता, विहीर, देवळाचं शिखर, कापून टाका आणि वेबवर चढवताना फाइलमधली लोकेशनची माहिती काढून टाका.

ग्रुप फोटो आत, पहिल्या पानांत, डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं देऊन. नावं चुकली तर मुलं वर्षभर विसरत नाहीत. पाहुण्यांनी कुदळ मारल्याचा फोटोही असेलच, त्याची जागा कार्यवृत्तात.

टेपवाल्या जोडीच्या फोटोवर शिक्कामोर्तब करण्याआधी तो मोठा करून शांतपणे बघा. टेप ताठ आहे का? सेक्शन घासून साफ केलेला आहे का, थरांच्या चिठ्ठ्या जागेवर आहेत का? ट्रेंचच्या काठावर कुणी पाय सोडून बसलेलं नाही ना? काठ ढासळतो, खालच्याच्या अंगावर येतो आणि तसा फोटो छापला की पुढच्या वर्षी नवी मुलं तसंच बसतात. मागे पाण्याच्या बाटल्या, चपला, चिवड्याची पाकिटं असतील तर फोटो कापून ती जातात का बघा. संगणकावर पुसून मात्र टाकू नका. मातीचा रंग गडद करणं, नसलेलं खापर ठेवणं, एआयने फोटो ‘सुधारणं’ यातलं काहीही नको. त्या सॉफ्टवेअरला थर आणि खापरं कळत नाहीत, ते मातीत नसलेल्या रेघा भरून देतं. उत्खननाच्या फोटोत ते खपवून घेता येणार नाही. उजेड थोडा कमीजास्त करणं, कापणं, एवढंच.

चेहऱ्यावर टोपीची सावली असेल तर घाबरू नका. तोंडं पूर्ण दिसायलाच हवीत असं नाही. दोघांची नजर कुठं आहे ते बघा. एकाची टेपच्या आकड्यावर आणि दुसरीची कागदावर असेल, तर त्या दोन नजरांमधून वाचकाला काम कळतं. त्या उत्खननाचं काम अजून सुरू असेल आणि नवीन फोटो काढता येत असेल तर सकाळी लवकर काढा. दुपारच्या उन्हात अर्धा ट्रेंच पांढराफटक आणि अर्धा काळा येतो. समोरून कुणाला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा धरायला लावला की टोपीखालच्या चेहऱ्यावर उजेड जातो.

मांडणीच्या बाजूनं दोन गोष्टी, कारण इथंच बऱ्याच मंडळांची गाडी अडते. फोटो उभा हवा किंवा उभा कापता येईल असा हवा, आणि वर अंकाच्या नावाला मोकळी जागा हवी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा असतात आणि खाली उकार, म्हणून इंग्रजी मासिकापेक्षा ही जागा जास्त लागते. माणसाचं डोकं नावावर चढवायची हौस सध्या सगळ्यांना आहे. पण आपल्या लिपीत एक वेलांटी झाकली गेली तर शब्दच बदलतो, म्हणून तो मोह टाळा. दुसरं, फाइलचा आकार. ए-फोर मुखपृष्ठाला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) धरून ३०० डीपीआयला साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जाऊन येतो, त्यावर मुखपृष्ठ करू नका. मुलांना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर द्यायला सांगा. आडवा फोटो उभा कापला की साधारण निम्मा भाग जातो, हेही मोजताना लक्षात ठेवा.

उत्खननाचे सगळेच फोटो मातकट असतात. त्यात एक रंग लागतो: एखादीची लाल ओढणी, टेपचा पिवळा रंग, निळा शर्ट. असेल तर अंकाच्या नावाला तोच रंग द्या. नसेल तर नाव पांढरं ठेवा, मातीवर ते चांगलं उठतं.

परवानग्यांचं हलक्यात घेऊ नका. उत्खनन संचालकांची लेखी संमती पहिली, कारण अहवाल प्रसिद्ध होण्याआधी कोणती वस्तू किंवा सेक्शन बाहेर दाखवायचा हे त्यांनी ठरवायचं असतं. मग फोटोतल्या दोघांची. कुणी अठराच्या आतलं असेल तर पालकांची. आणि फोटो काढणाऱ्याची, त्याचं नाव आत ठळक द्यायचं.

इथं एक गोष्ट फार जिव्हाळ्यानं सांगते. टेप धरलेला तो माणूस खरंच तुमचा स्वयंसेवक आहे का, की गावातला रोजंदारीवरचा कामगार आहे, हे विचारून घ्या. जुन्या अहवालांतल्या फोटोंत असे कामगार उंची कळावी म्हणून भिंतीशेजारी उभे केलेले दिसतात, नाव कुठंच नाही. माती बघून ‘इथं थर बदलला’ हे पहिल्यांदा ओळखणारे पुष्कळदा तेच असतात. तो कामगार असेल तर फोटो बदलू नका. त्याला विचारा, नाव छापा, काय काम करतो ते लिहा आणि अंकाची एक प्रत त्याच्या घरी पोचवा. त्याला स्वयंसेवक म्हणून मात्र छापू नका, तो मजुरीवर होता हे कळू द्या.

तुमच्या काही मुलांनी पन्हाळ्यावर किंवा इतर गडांवर श्रमदानही केलं असेल. ते काम मोलाचं आहेच. पण टाक्यातला गाळ काढणं आणि उत्खनन या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे फोटो या मुखपृष्ठावर एकत्र करू नका. पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. तिथं ‘आमची मुलं उत्खनन करताहेत’ असं चुकून सूचित झालं तर अडचण मंडळाला होईल.

बैठकीत पुन्हा वाद झाला तर टेपवाला आणि मडकंवाला, दोन्ही फोटो नावासकट ए-फोरवर छापून भिंतीला लावा आणि सात-आठ फुटांवरून बघायला सांगा. मोबाइलवरही अंगठ्याएवढे करून बघा. टेपवाला लांबून काहीच सांगत नसेल, नुसता तपकिरी दिसत असेल, तर जवळून कापा: दोन माणसं, टेप आणि फळीवरचा ग्राफ पेपर एवढं भरलं तरी पुरे. प्रेसला पीडीएफ देण्याआधी ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर रंगीत प्रूफ मागा. स्क्रीनवर तांबूस दिसणारी माती छपाईत काळपट येते आणि सेक्शनच्या सावलीतले थर बुजतात. प्रूफवर थर वेगवेगळे मोजता आले की छपाईला होकार द्या.