वाचकांचे प्रश्न : रडलं तर विश्वास कमी ठरतो का?

प्रश्न : पती जाऊन चार महिने झाले. दुखवट्याला येणारे मंडळीतले (चर्चमधले) लोक म्हणतात, 'रडू नका, ते प्रभूजवळ आहेत.' पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) जवळ आलाय आणि मला गीताला तोंड उघडवत नाही. माझा विश्वास डळमळलाय का?
— एक भगिनी, नवापूर तालुका

उत्तर : नाही, ताई. ज्या वचनाच्या जोरावर तुम्हाला गप्प केलं जातं, ते आधी पुरतं वाचा. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ मध्ये प्रेषित पौल नुसतं 'खेद करू नका' म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं म्हणतो. अर्धं वाक्य गाळलं की सांत्वनाची दटावणी होते. मेलेल्या लाजराला उठवायलाच निघालेला येशू बेथानीत पोचल्यावर रडला (योहान ११:३५). लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघींनी त्याला एकच बोल लावला, आपण इथे असता तर भाऊ मेला नसता. दोघींपैकी कुणालाही त्याने अविश्वासी म्हटलं नाही.

'ते प्रभूजवळ आहेत' हे खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबलं की अपुरं पडतं. नव्या करारातली आशा दोन टप्प्यांची आहे. मरणानंतर ख्रिस्ताजवळ असणं (फिलिप्पैकरांस १:२३) हा पहिला, आणि तो परत येईल तेव्हा देहासह उठणं हा दुसरा. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो ते या दुसऱ्यासाठी. आपल्याकडे बहुतेक सांत्वनं पहिल्यापाशीच संपतात; मग रिकामं अंथरूण आणि खुंटीवरचा शर्ट यांना उत्तरच उरत नाही. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४:४२), आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. ज्या माणसाचा आवाज, चाल, हात तुम्ही ओळखत होता, तोच उठणार आहे. म्हणून त्या हातांसाठी रडणं अगदी रास्त आहे.

आता रविवारचं. पहाटेची उपासना कबरस्तानात होणार असेल आणि तिथे जाणं झेपणार नसेल, तर नंतरच्या उपासनेला जा. दाराजवळच्या बाकावर बसा, म्हणजे उठावंसं वाटलं तर कुणाला ओलांडावं लागणार नाही. गीत इतरांना गाऊ द्या. मंडळी एकत्र गाते ती यासाठीच, एकाचा आवाज बसला तरी गीत अडत नाही.

घरी वाचायला योहान २०:११-१८ घ्या, आठच वचनं आहेत. मग्दालीया मरीया येशूच्या कबरेपाशी रडतेय, येशूला माळी समजतेय, आणि तो तिचं नाव घेतो. ज्या दिवशी तेही नको वाटेल त्या दिवशी स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा चिकटवलेला नाही, तरी ते प्रार्थनेत मोजलं जातं. रोमकरांस ८:२८ ('सर्व गोष्टी मिळून कल्याण') सध्या बाजूला ठेवा. वचन खरं आहे, पण ताज्या दुःखात दुसऱ्याच्या तोंडून ते फार बोचतं. त्याच्या दोनच वचनं आधीचं, शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा कण्हतो हे, आधी वाचा.

झोप-जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरही हवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

प्रश्न : वडील ख्रिस्ती विश्वासात वारले, पण भाऊबंदांच्या आग्रहापुढे दहन झालं आणि अस्थी तापीत सोडल्या. त्यांचं पुनरुत्थान होईल का?
— भुसावळ

उत्तर : होईल. ही शंका फार जुनी आहे. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत टाकली, ती मुद्दाम, त्यांना उठायची आशा राहू नये म्हणून. मंडळीची आशा त्याने बुडाली नाही. पुरलेला देहही शेवटी मातीच होतो. पौल १ करिंथकरांस १५ मध्ये दाण्याचा दाखला देतो : पेरतो तो नुसता दाणा, देव त्याला देह देतो. (रावेर-यावलचे केळीवाले म्हणतील, आम्ही कंद लावतो, त्यांनी दादर (ज्वारी) डोळ्यांसमोर आणावी.)

कॅथलिक मंडळीने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली. २०१६ च्या सूचनेत मात्र राख पवित्र जागी ठेवावी, विखरू नये, नदीत सोडू नये, असं सांगितलं. तुम्ही कॅथलिक असाल तर फादरांशी बोला. झालं ते परत फिरवता येत नाही आणि त्याने वडिलांचं काही अडतही नाही. नमस्कार करायला जागा नाही याची चुटपुट असेल, तर आईच्या किंवा आजोबांच्या कबरेच्या दगडावर त्यांचं नाव व तारखा कोरायची परवानगी कबरस्तान समितीकडे मागा.

प्रश्न : गावातले लोक 'दहावं कधी?' विचारतात. काय सांगावं?
— अमळनेर

उत्तर : स्मरणाची उपासना आहे, असं सांगा आणि दिवस कळवा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ठरीव दिवस नाही. कॅथलिकांत सातव्या किंवा तिसाव्या दिवशी मिस्सा अर्पण करण्याची जुनी रीत आहे, शिवाय २ नोव्हेंबर, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस, आहेच. बाजाराचा दिवस टाळा. पाऊण तास पुरे : दोन गीतं, योहान ११ मधला उतारा, दोघांचे चार शब्द, प्रार्थना. बोलणारे आदल्या दिवशीच ठरवा, नाहीतर भाषणं लांबतात. नंतर चहा द्या. कर्ज काढून पंगत घालू नका.