आध्यात्मिक प्रगतीसाठी भावनांपासून अलिप्त कसं व्हायचं? घरच्यांशी बोलणं कमी करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 27, नोकरी चालू आहे, साधनेला सुरुवात केलीय, पण घरच्यांचं बोलणं फार लागतं, पहाटे उठायचं ठरवता आणि चार दिवसात बारगळतं, तर भावनाच मारून टाकाव्यात का आणि घरच्यांशी बोलणं कमी करावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका करू. मी करून बसलोय.

मी नाशिकचा. 31 व्या वर्षी इगतपुरीला धम्मगिरीवर 10 दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. कारण काही फार उच्च वगैरे नव्हतं, ऑफिसात माझ्या मागून जॉइन झालेल्याला प्रमोशन मिळालं आणि मी दोन महिने रात्री पंख्याकडे बघत पडायचो, एवढंच. तिथे गेल्या गेल्या फोन, वही, पेन सगळं जमा. पहाटे 4 ला घंटा, साडेचारला ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे दहा तासांच्या वर बसणं, 11 ला जेवण आणि संध्याकाळी 5 ला आम्हा नवीन लोकांना चहा, फळ, मुरमुरे. जुन्या साधकांना दुपारी 12 नंतर जेवण नाहीच. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, शेजारच्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. फी नाही, शेवटी वाटलं तर दान द्या.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुड्यांपाशी. ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्या डोक्यात तीन दिवस एका वॉशिंग पावडरची जुनी जाहिरात वाजत होती. चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावर जे जे जाणवतं ते नुसतं बघायचं, बरं वाटलं तरी त्याच्या मागे लागायचं नाही, वाईट वाटलं तरी ढकलायचं नाही. आणि तिथून पुढे रोज तीनदा एकेक तास अधिष्ठान, हात पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या दिवशी माझा उजवा गुडघा असा पेटला की मी मनात मिनिटं मोजायला लागलो, मग तास, मग घरी जायला एकूण किती तास राहिले त्याचा हिशोब, आणि त्या हिशोबाच्या नादात गुडघा दुखतोय हे मधे मधे विसरूनच जायचो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की दुखणं एक आणि "हे कधी संपणार" ही कटकट वेगळी, आणि मला छळत होती ती कटकट. अख्ख्या 10 दिवसात हाती लागलं ते एवढंच, पण ते खरं होतं, प्रमोशनचंही तसंच होतं म्हणजे.

इथपर्यंत ठीक होतं. घरी आलो आणि डोक्यात हवा गेली.

पहाटे 4 ला उठायचो, कोणी काही बोललं की मंद हसायचो, टीव्ही लागला की उठून दुसऱ्या खोलीत. मला वाटायचं आपण अलिप्त झालो. मग एका रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला, साडेअकराला. तिची ठरलेली सोयरीक मोडली होती, साखरपुडा झालेला, हॉल बुक झालेला. ती रडत होती आणि मी काय बोललो असेन? "अगं सगळं अनित्य आहे, हेही जाईल, झोप आता." आणि फोन ठेवला, कारण मला 4 ला उठायचं होतं. आणि झोपलोही मस्त, हे लिहिताना आत्ताही कसंतरी होतंय. महिनाभर तिने मला फोन केला नाही आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. शेवटी आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काय रे, ते न बोलायचं शिबिर संपलं ना तुझं? मग अजून का सुरू आहे?"

मला राग आला. म्हणजे बघा, सहा महिन्यांची साधना आणि आईच्या एका वाक्यात कान तापले. पण तिथेच कुठेतरी गडबड आहे हे कळलं. मी जे करत होतो त्याला भावना बघणं म्हणत नाहीत, मी भावनेच्या तोंडावर दार लावत होतो आणि आतल्या खोलीत आरामात बसून होतो. शिवाय ज्या परंपरेतून हे शिकलो ती काही संन्याशांची नव्हती हो. ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोएंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, व्यापारी, बायकामुलांचं मोठं कुटुंब. ते मायग्रेनने बेजार होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर ऊ बा खिन म्हणाले डोकेदुखीवर इलाज म्हणून येणार असाल तर नका येऊ. आणि हे ऊ बा खिन कोण, तर तिथले अकाउंटंट जनरल! सरकारी हिशोब तपासणारा माणूस, ऑफिस सांभाळून ध्यान शिकवायचा. गोएंका 14 वर्षं त्यांच्याकडे शिकले आणि 1969 ला भारतात आले. घरदार सोडा असं या दोघांपैकी कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता खरं अलिप्त माणूस म्हणाल तर मी एकच जवळून पाहिला, तो म्हणजे माझे आजोबा. सिन्नर तालुक्यातलं गाव, गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर पायी. मी आठवीत असेन, दिवाळीच्या आगेमागे हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली असताना त्यांचा बैल गेला. जोडीतला एक. आजोबा गोठ्यात बसून हमसून हमसून रडले, मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात काकडा सुरू झाला तेव्हा टाळ घेऊन हजर, डोळे सुजलेले तसेच. परत येऊन शेजाऱ्याशी सावड ठरवली, म्हणजे दोघांनी बैल एकत्र करून आळीपाळीने कामं उरकायची, आणि पेरणी उरकली. देवाला कोसलं नाही, मीच का म्हटलं नाही, पण "बैल काय, मातीच शेवटी" असलं शहाणपणही कोणाला ऐकवलं नाही. रडायचं तेवढं रडले. मी त्यांच्या जागी असतो तर बैलावरून वर्षभर कोणाला तरी बोल लावत बसलो असतो, नाहीतर शिबिरानंतरच्या माझ्यासारखा कोरडा ठणठणीत.

तुकोबांचा अभंग तुम्हाला माहीत असेल, "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी". यातल्या उदासचा अर्थ शाळेत आम्ही दुःखी असा घेतला होता, म्हणजे पैसे खर्च करताना माणसाने तोंड पाडायचं, आमच्या मामांसारखं. पण तो उदास म्हणजे उदासीन, जरा वर किंवा बाजूला बसलेला. धन जोडू नकोस असं तुकोबा म्हणत नाहीत, नीट धंदा करून जोड म्हणतात, फक्त खर्च करताना त्यात अडकू नकोस. माणसांचंही तसंच असावं असं मला वाटतं, जीव लावायचा आणि त्याची पावती मागायची नाही. बोलायला सोपं आहे, मला अजून पावती लागते.

आता शिस्तीचं. तुमचं चार दिवसात का बारगळतं माहितीये का, तुम्ही रोज पहाटे नव्याने ठरवता की उठू की नको. अलार्म वाजला की मनाची मीटिंग भरते आणि त्या मीटिंगमध्ये तुम्ही कायम हरणार, कारण सगळे मेंबर अंथरुणातच आहेत. आजोबांची एकादशी बघा, महिन्यातून दोनदा, त्यात आज उपास करू का हा प्रश्नच नसायचा, कॅलेंडरनेच ठरवलेलं असायचं आणि घरात सगळ्यांना माहीत, आजी विचारायचीसुद्धा नाही. संध्याकाळचा हरिपाठ तसाच. ते याला नेम म्हणायचे, म्हणायचे नेम म्हणजे मनाला न विचारता करायची गोष्ट. (आणि आपल्याकडे बेभरवशाच्या माणसाला "त्याचा काही नेम नाही" म्हणतात, ते उगाच नाही.) गीतेत अर्जुन मन आवरत नाही म्हणून तक्रार करतो तेव्हा कृष्णही अभ्यास आणि वैराग्य दोन्ही सांगतो, आणि त्यात अभ्यास आधी येतो. मी याचा माझ्यापुरता अर्थ असा लावतो की आधी रोजचं करत राहा, वैराग्य यायचं तेव्हा येईल, त्याची वाट बघत बसून रोजचं सोडू नका.

म्हणून 4 वाजता वगैरे सोडा. शिबिरात सकाळ संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, मला संसारात ते जमलं नाही, खोटं कशाला बोलू. मी सकाळी साडेपाचला बसतो, गेली सहा वर्षं, आता 40 मिनिटं. त्यात निम्मा वेळ डोक्यात ऑफिस असतं. चालतं. पहिलं वर्ष फक्त 15 मिनिटं होती आणि ती सुद्धा दात घासून झाल्यावर लगेच, चहाच्या आधी, कारण चहा घेतला की पेपर, पेपर झाला की मोबाईल, आणि मोबाईल हातात आला की संपलं. रात्री 11 च्या आत झोप हा निम्मा नेम आहे, तो पाळला नाही तर सकाळचा आपोआप मोडतो. आणि एखाद दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल बसू वगैरे हिशोब करू नका, बँकेचा हप्ता नाहीये तो.

घरच्यांचं बोलणं लागतं त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे. बोललेलं डोक्यात घोळवायच्या आधी बघा की अंगात नक्की कुठे लागलंय. माझं कानात आणि छातीच्या मधे लागतं, गरम होतं. तिकडे एक अर्धा मिनिट बघत राहायचं, पाणी प्यायचं, मग उत्तर द्यायचं. उत्तर द्यायचंच, गप्प बसून मंद हसायचं नाही, त्याने समोरचा जास्त भडकतो, आमच्या बायकोला विचारा. दहापैकी चारदा जमतं. गेल्या महिन्यात पार्किंगवरून सोसायटीत असा भांडलो की वॉचमन पण मधे पडला, तेव्हा कान तापलेत हे जाणवलं पण तोंड सुरूच होतं. आधी निदान जाणवायचं तरी नाही.

एक मात्र सांभाळा. काहीच वाटत नाही, भूक झोप उडालीय, कशातच रस नाही, माणसं नकोशी झालीत, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला वैराग्य समजून खुश होऊ नका, डॉक्टरला दाखवा. शिबिराच्या फॉर्ममध्येही मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथे लपवू नका.

बहिणीचं विचाराल तर मी नंतर तिच्या घरी जाऊन सरळ माफी मागितली. ती म्हणाली ठीक आहे, पण त्या रात्री तू नुसतं हं हं म्हणत ऐकलं असतंस तरी चाललं असतं. पुढे तिचं लग्न झालं, छान चाललंय, पण फोन करायची वेळ काही बदलली नाही. आत्ता हे लिहीपर्यंत अकरा वाजून गेलेत आणि तिचे दोन मिसकॉल दिसतायत. थांबतो, तिला लावतो आधी.